खांबाशी बोलणारे अण्णा

अण्णा घरात आले की आधी खांबाशी बोलत. आमच्या बसवनगुडीच्या घरात पडवी आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये एक लाकडी खांब आहे. त्याला ते खांबराव म्हणत. चपला काढायच्या, सायकलची किल्ली खुंटीला लावायची आणि खांबाकडे तोंड करून विचारायचं, "काय खांबराव, ताक आहे का?" खांबामागच्या दाराआड मी असे. प्रश्न मलाच असे.

अण्णा माझे थोरले दीर. या घराण्यात धाकट्या सुनेने थोरल्या दिरासमोर यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, अशी रीत. ही माणसं कितीतरी पिढ्या बेंगळुरात राहिलेली, अर्धं कानडी बोलणारी, पण एवढी रीत त्यांनी घट्ट धरून ठेवली होती. मी बेळगावकडच्या विणकराची मुलगी. चौथी झाली आणि शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न होऊन इथे आले. अण्णांनी पहिल्यांदा खांबाला ताक विचारलं तेव्हा मी दचकले आणि बांगड्या वाजल्या. अण्णा लगेच म्हणाले, "एकदा वाजलं. म्हणजे ताक आहे. नसलं तर दोनदा वाजवायचं. सरी, ठीक ना?" मी पुन्हा एकदा वाजवलं. पुढे कितीतरी वर्षं आमचं बोलणं एवढंच होतं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

सासूबाईंना माझं काही पसंत नव्हतं. भाकरी जाड, बोलणं गावठी, कानडी येत नाही. एकदा त्या म्हणाल्या, "हिला स्वल्प शिकवून घ्यायला हवं." अण्णा जेवत होते. ते खांबाला म्हणाले, "खांबराव, आईला सांगा, आली तशी चांगली आहे. वरून काही बसवू नका."

"आली तशी" हा अण्णांचा आवडता शब्द. तो त्यांच्या शर्यतीतून आला होता.

अण्णा युद्धात लष्करी लॉऱ्या दुरुस्त करत. नंतर त्यांनी आमच्या परसात पत्र्याची शेड घालून कारखाना काढला. त्या वेळी शहरात बड्या लोकांकडे लांबलचक अमेरिकन मोटारी असत, आठ सिलिंडरच्या. मालक मंडळी क्लबात बसून माझी जोरात की तुझी, म्हणून भांडत. अण्णांनी त्या भांडणाची शर्यत केली. यशवंतपूरच्या पलीकडे युद्धातली एक ओसाड धावपट्टी होती. तिथे हिवाळ्यात पाच रविवारी दोन-दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, निशाण पडलं की पाव मैल सरळ पळवायच्या. वळण नाही, काही नाही. प्रत्येक रविवारचे गुण अण्णा शेडमधल्या पाटीवर लिहीत आणि पाचव्या रविवारी ज्याचे जास्त तो पहिला. ते स्वतः तिथे सायकलवरून जात. सासूबाई म्हणत, "स्वतःला चाकं दोन, आणि मोटारींना शिस्त लावतोय!"

नियम एकच. गाडी कारखान्यातून आली तशी पाहिजे. शुक्रवारी सगळ्या गाड्या आमच्या शेडमध्ये येत. अण्णा बॉनेट उघडून, गाडीबरोबर आलेलं पुस्तक हातात धरून एकेक भाग बघत. कुणी काही जास्तीचं बसवलेलं दिसलं की म्हणत, "ही आली तशी नाही. हिला कुणीतरी शिकवलंय. घेऊन जा." मालक केवढाही असो. मग बॉनेटला दोरा ओवून गाठ मारायची, गाठीवर लाख ओतून पितळी शिक्का दाबायचा. रविवारपर्यंत बॉनेट उघडायचं नाही.

पण लोक हुशार. गरम सुरीने लाख अख्खी उचलायची, काम झालं की परत चिकटवायची. तेव्हा अण्णा खांबाला म्हणाले, "खांबराव, अशी गाठ पाहिजे की सोडली तर दुसऱ्याला तशी घालता येऊ नये." मी दुपारभर विचार केला. मागावर तुटलेला धागा जोडायची गाठ माझ्या वडिलांनी मला शिकवली होती. तिला मी आणखी दोन वेढे दिले आणि एक टोक गाठीच्या पोटातून काढलं. तो दोरा खांबाच्या खिळ्याला अडकवून ठेवला. अण्णांनी तो अर्धा तास उलटसुलट केला. शेवटी म्हणाले, "शाबास, खांबराव."

तेव्हापासून दर शुक्रवारी, माणसं गेली की, अण्णा शेडच्या दाराबाहेर पाठ करून उभे राहत आणि मी आत जाऊन सात-आठ गाड्यांना गाठी मारून येई. मी बाहेर पडले की ते आत जाऊन लाख ओतत आणि संध्याकाळी मालक आपापल्या गाड्या घेऊन जात. घराबाहेरचं माझं जग म्हणजे ती शेड. पेट्रोलचा वास, गार पत्रा, चकचकीत बॉनेटमध्ये दिसणारं माझंच तोंड. त्या गाड्यांचा मला हेवा वाटे. पाव मैल का होईना, त्यांना कुणी अडवत नसे.

माझे यजमान पूवय्या नावाच्या कॉफीमळ्याच्या मालकांकडे मेकॅनिक होते. मालकांची निळी गाडी शर्यतीत होती आणि एका वर्षी चार रविवार झाल्यावर ती दुसरी होती. शेवटच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी अण्णा धावपट्टीवर चुन्याच्या रेघा ओढायला गेले होते. सासूबाई देवळात होत्या. यजमान निळी गाडी परसात घेऊन आले. बॉनेटचा दोरा सुटलेला होता. लाखेची अख्खी चकती त्यांच्या रुमालात होती.

"आत काय केलंत?" मी विचारलं.

"तुला काय कळतंय? दोन वस्तू बदलल्या. मालक म्हणालेत, जिंकली तर मळ्यावर क्वार्टर देतो. दोन खोल्या, आपली चूल. ना आई, ना खांब."

"आणि अण्णा?"

"अण्णांना लाख दिसेल, गाठ दिसेल. झालं. गाठ तेवढी घाल. ती मला येत नाही."

मी दोऱ्याकडे बघत उभी राहिले. दोन खोल्या. दाराआड उभं राहावं लागणार नाही. मोठ्याने हाक मारता येईल. मला कुणी जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. मी गाठ घातली.

रविवारी निळी गाडी इतकी पुढे गेली की शेजारची गाडी उभीच आहे असं वाटलं, म्हणे. अण्णांनी घड्याळ बघितलं, परत बघितलं. शिक्का बघितला, तो अख्खा. लाख फोडून गाठ बघितली, ती बरोबर. मग बॉनेट उघडायला पुढे झाले तर पूवय्या आडवे आले. "शिक्का बरोबर, गाठ बरोबर. आता काय बघायचं? तुमचाच नियम ना?" मागून कुणीतरी ओरडलं, "भावाची गाडी, अण्णांचा शिक्का! मग काय!" अण्णा म्हणाले, निकाल उद्या देतो. हे सगळं यजमानांनी घरी येऊन हसत हसत सांगितलं आणि मालकांकडे निघून गेले.

चारच्या सुमाराला अण्णा आले. चपला काढल्या. किल्ली खुंटीला लावायची विसरले. हातात तोडलेला दोरा होता. ताक मागितलं नाही.

"खांबराव," ते म्हणाले, "एकच विचारतो. ही गाठ शुक्रवारचीच आहे ना?"

एकदा वाजवलं तर खोटं. दोनदा वाजवलं तर यजमान गेले, नोकरी गेली, मळा गेला. माझा उजवा हात आपोआप डाव्या हातावर गेला आणि मी बांगड्या घट्ट आवळून धरल्या. एक फुटली आणि मनगटात रुतली. आवाज झाला नाही.

अण्णांनी दोरा गुंडाळून खिशात घातला. मग म्हणाले, "सरी. खांबराव आज मुके आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना निरोप धाडला. माझा शिक्का आता भरवशाचा राहिला नाही, चूक माझी, शर्यत बंद. पाटी ओल्या फडक्याने पुसली. पूवय्यांनी यजमानांना काढलं आणि ते अण्णांच्याच शेडमध्ये काम करू लागले. आम्ही त्याच घरात, त्याच खांबाच्या दोन बाजूंना राहिलो. अण्णा रोज ताक मागत. मी एकदा वाजवी. त्या गाठीचा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही आणि प्रत्येक दिवशी आज काढतील म्हणून मी दाराआड श्वास धरून उभी राही.

सासूबाई गेल्या. मग पुष्कळ वर्षांनी यजमानही गेले. तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी अण्णा बाहेरून आले आणि सवयीने म्हणाले, "काय खांबराव, ताक आहे का?"

माझे हात मोकळे होते. काही वाजलं नाही.

अण्णांच्या ते लक्षात आलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "चुकलो, अक्का," ते म्हणाले. मला त्यांनी त्याआधी कधीच हाक मारली नव्हती. परत जायला वळले तेव्हा मी दाराआडून म्हटलं, "आहे."

मी ताक घेऊन बाहेर आले आणि त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांचं तोंड मी पहिल्यांदा समोरून बघितलं. एवढे म्हातारे झाले असतील असं वाटलं नव्हतं.

"अण्णा, ती गाठ शनिवारची होती. मी घातली होती."

"ठाऊक आहे. शुक्रवारी तू करकरीत नवा दोरा वापरला होतास. शनिवारच्या गाठीपाशी तो चुरगळलेला होता."

"ठाऊक होतं तर मला विचारलंत कशाला?"

त्यांनी ताकाचा एक घोट घेतला. "तू एकदा वाजवशील म्हणून. तू हो म्हटलं असतंस, तर मी तेवढ्यावर निकाल देऊन टाकणार होतो. एकदाच नियम मोडणार होतो. मळ्यावरच्या क्वार्टरचं कानावर आलं होतं, तू तिथे गेली असतीस." मग भांडं खाली ठेवत म्हणाले, "पण तुला खोटं वाजवता आलं नाही. आली तशीच राहिलीस, अक्का."

ते शाबासकीने म्हणाले की हळहळून, हे मला त्यांच्या तोंडावरून ओळखता आलं नाही. त्या तोंडाची मला सवयच नव्हती. पुढच्या पावसाळ्यात अण्णा गेले.

शेड आता नाही. खांब आहे. अजूनही त्याच्याजवळून जाताना माझा उजवा हात डाव्या मनगटावर जातो आणि घट्ट धरतो. मनगटावर काही नसतं.