दारापासून कॅमेऱ्यापर्यंत

स्टुडिओत त्यांना सगळे ‘घड्याळ’ म्हणायचे, तेही तोंडावर. ते कॅमेरामन होते, आणि तेव्हा कॅमेरा हातानेच फिरवायचा. सेकंदाला हँडलचे दोन फेरे, ना कमी ना जास्त. हात मंदावला की पडद्यावरची माणसं पळत सुटायची. यांचा हात कधी मंदावला नाही. एकदा सेटची भिंत नायकापासून वीतभर अंतरावर कोसळली, दिग्दर्शक टेबलाखाली शिरले, आणि हे आपले मनात आकडे मोजत फिरवतायत. विचारलं तर म्हणाले, “कुणी ‘कट’ कुठे म्हणालं?”

बावीस वर्षांत हा हात एकदाच चुकला, आणि तोही नेमका नको तिथे.

बायको आजारातून नुकती उठली होती. निदान घरात सगळ्यांना तसं वाटत होतं. रिळात थोडी फिल्म उरली होती. त्यांनी तिला स्टुडिओच्या अंगणात नेलं आणि म्हणाले, “त्या दारापासून माझ्याकडे चालत ये.” ती भिंतीला धरून, थांबत थांबत आली. तिच्याकडे बघता बघता यांचं मोजणं सुटलं आणि हात तिच्या पावलांबरोबर मंद चालू लागला. त्यांना पत्ताही नव्हता. महिन्याभरात ती गेली. मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती.

एकोणिसाव्या वर्षी त्या मुलीने हट्टच धरला. “बाबा, आईची फिल्म दाखवा.” सतराशे साठ सबबी सांगून झाल्यावर ते तिला स्टुडिओत घेऊन गेले. एव्हाना कॅमेऱ्यांना मोटर बसली होती आणि ‘घड्याळा’ची रवानगी गोदाम सांभाळायला झाली होती. पडद्यावर आई तुरुतुरु धावत आली. मुलगी खुदकन हसली.

“इतकी धांदरट होती आई?”

“नव्हती गं. हात माझा चुकला.”

गोदामात हाताने फिरवायचा जुना प्रोजेक्टर होता. तो त्यांनी झटकून आणला. फिल्म दाखवणारा ऑपरेटर हात जोडून म्हणाला, “हळू फिरवलंत तर दिव्याच्या धगीने फिल्म पेटेल. दुसरी कॉपीसुद्धा नाही.”

“नसू दे. तिची आई अशी नव्हती.”

त्यांनी हँडल धरलं आणि अगदी सावकाश फिरवलं. आता ती तिच्या चालीने आली. भिंतीला हात टेकला, थांबली, पदराने कपाळ पुसलं, पुन्हा पाऊल उचललं. मुलगी पुढे सरकून बसली होती. पडद्याच्या मधोमध तपकिरी डाग पडला, पसरला, आणि फिल्मने पेट घेतला. ऑपरेटरने वाळू ओतेपर्यंत राख झाली होती.

फिल्म गेल्याचं मुलीने नावही काढलं नाही. ती रडत होती.

“बाबा, तिला दम लागला होता. तुम्ही पुढे होऊन हात का नाही दिलात?”

“मी हँडल फिरवत होतो.”