देवचाराच्या वळणावर घासणारं चाक

त्या गाडीचं मागचं डावं चाक मडगार्डाला घासतंय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. टायर आज ना उद्या फुटणार, आणि फुटेल तेव्हा गाडीत माणसं असणार, हेही कळलं होतं. तरी मी दोन महिने तोंड उघडलं नाही. का? जळत होतो म्हणून. दुसरं कारण नाही. आता ह्या वयात कोणापासून लपवायचं?

मालवणच्या बंदरावर तेव्हा भाड्याची मोटार एकच, ती माझी. मुंबईची बोट खोल पाण्यात उभी राहायची, पडावातून माणसं किनाऱ्याला यायची, आणि डोक्यावर ट्रंका, वळकट्या घेऊन सरळ माझ्याकडे. "ड्रायव्हरानू, कसालाक जावचा आसा, जागा गावतली?" मी उगाच मागे वळून बघायचो, विचार केल्यासारखं दाखवायचो, आणि मग मेहेरबानी केल्यासारखा म्हणायचो, "बसा." हा रुबाब पाच-सहा वर्षं चालला. गाडी लढाईच्या आधीची, उंच, कडक स्प्रिंग-पाट्यांची. खड्ड्यात गेली की माणूस टपाला डोकं आपटून खाली यायचा, पण वळणावर ती जागची हलायची नाही. त्याचा मला केवढा अभिमान!

मग गोवा मोकळा झाला. त्यानंतरच्या वर्षी माझा शाळासोबती, आमच्याच वाडीतला, मुंबईत कोणा शेठची गाडी चालवून कंटाळलेला, गोव्यातून एक विलायती गाडी घेऊन आला. एका भाटकाराच्या, म्हणजे तिथल्या जमीनदाराच्या, मुलाने ती हौसेने खाली बसवून घेतली होती. मागच्या पाट्यांच्या जुडीतले दोन-दोन पाटे काढून टाकलेले, आणि चाकं बाहेर दिसावीत म्हणून आतून लोखंडी चकत्या भरलेल्या. निळी, लांब, जमिनीला पोट टेकवून बसलेली. बंदरावर ती शेजारी उभी राहिली आणि माझी गाडी बैलगाडी दिसायला लागली. लोकांचं सोडा, माझी मलाच दिसली.

पहिल्या बोटीची माणसं माझ्यासमोरून चालत त्याच्याकडे गेली. त्यात माझा सख्खा मामा होता. "अरे, नवी आसा ती, एकदा बसान बघतंय," म्हणाला आणि बसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो मेला गाडीवाला चहा प्यायला गेला तेव्हा मी चपलेचा अंगठा बघण्याचं निमित्त करून खाली वाकलो. मडगार्डाच्या आत रबराचा काळा पट्टा उठला होता आणि टायरच्या खांद्यावर एक चकचकीत चर. भाटकाराच्या मुलाची हौस इथे घासत होती. मनात पहिला शब्द काय आला सांगू? 'बरं झालं.' लिहायला लाज वाटते, पण आला तो हाच.

आता मजा ऐका. चौक्याच्या पुढे उतारावर एक उजवं वळण आहे आणि वळणातच एक खळगी. वळणाच्या कडेला काजऱ्याच्या झाडाखाली देवचाराचा धोंडा. देवचार म्हणजे गावाच्या हद्दीचा राखणदार. येणारा-जाणारा कोणी विडी ठेवतो, कोणी नारळ, आणि त्याला विचारल्याशिवाय कोणी तिथली फांदीसुद्धा तोडत नाही. भरलेली गाडी त्या वळणावर आली की सगळा भार डाव्या अंगाला जायचा, त्यात खळगी, त्यात गाडी मुळातच बुटकी. मडगार्ड टायरवर बसायचं आणि असा 'घर्रर्र' आवाज व्हायचा की आतली माणसं एकमेकांना धरायची. दुसऱ्या कुठल्या वळणावर नाही, बरोबर देवचाराच्या समोर!

"देवचारान धरल्यान," गाडीतला कोणीतरी म्हातारा म्हणाला. झालं! गाडी थांबली, सगळे उतरले, म्हाताऱ्याने धोंड्यापुढे विडी ठेवली आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराची नवी गाडी तुझ्या हद्दीतसून जाता. काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल, आणि ह्या गाडयेची राखण कर!" बाकीचे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मग माझ्या सोबत्याने रिकामी गाडी हळू वळणापलीकडे नेली, माणसं मागून चालत गेली, आणि काय नवल, आवाज नाही! अरे, नसणारच. सात माणसं उतरल्यावर चाकावर बसायला राहिलं कोण? पण हा हिशेब तिथे कोणाच्या डोक्यात येणार? देव पावला, असंच सगळ्यांनी धरलं.

त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. गाडी वळणावर थांबायची, माणसं उतरायची, विडी ठेवायची, चालत वळण ओलांडायची आणि पलीकडे परत बसायची. परतीला तेच वळण चढाचं आणि डाव्या हाताला, तिथे वेग नाही म्हणून आवाज नाही. लोकांनी त्याचाही अर्थ लावला. देवचार जाणाऱ्याला अडवतो, घरी येणाऱ्याला अडवत नाही! चाकरमानी तर ह्या गोष्टीवर खूश. मुंबईत सांगायला काहीतरी मिळालं.

आणि मी? मी सहा वर्षं त्या वळणावरून गेलो, देवचाराने माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. माणसं म्हणायला लागली, ती गाडी देवाच्या नजरेत आहे, तिला काही होणार नाही. म्हणजे माणसांचं जाऊ दे, मी देवचारावरही जळायला लागलो. रोज बंदरावर ते टायर चोरून बघायचो. चर खोल होत होता. दर खेपेला वाटायचं, आज सांगू. दर खेपेला त्याच्या गाडीला गराडा घातलेली माणसं दिसायची आणि मी माझ्या गाडीकडे परत वळायचो. फुटू दे, म्हणायचो. एकदा फुटलं की कळेल सगळ्यांना. फुटल्यावर काय होईल ते मनात येऊ द्यायचो नाही.

माझ्या बायकोला सातवा लागला. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी जायची, कणकवलीच्या अलीकडे. तिचा भाऊ न्यायला आला. मी आदल्या दिवशी गाडी धुतली, मागच्या बैठकीवर गोधडी दुमडून घातली. जेवताना आईने विषय काढला. "ती त्या निळ्या गाडयेतसून जाऊ दे," म्हणाली. "ती आपटणा नाय. आणि देवचाराची राखण आसा तिका."

मी बायकोकडे बघितलं. ती दारामागून म्हणाली, "तुमची गाडी लय उंच. माका चढूक जमना नाय आता. आणि पोटात धक्के बसतत."

माझी बायको! माझी गाडी दारात धुऊन उभी, आणि माझी बायको त्याच्या गाडीतून माहेरी जाणार! माझ्या तोंडून निघालं, "त्या गाडीचं टायर फुटणार आहे."

मेव्हणा म्हणाला, "भावोजी, तुमका कसा म्हायत?"

"दोन महिने बघतोय."

आई पाट सरकवून उठली. "दोन म्हयने बघतंस, आणि सांगतंस आज? बायको बसता म्हटल्यावर? मेल्या, जळतंस तू, जळतंस! सगळ्या वाडयेक म्हायत आसा."

खोटं बोलली असती तर मी ओरडलो असतो. ती खरं बोलली होती, फक्त अर्धं. जळत होतो हे खरं आणि टायर फुटणार हेही खरं. पण जळणाऱ्याचं खरं कोण ऐकतो? नवरा म्हणून मी दरडावून बायकोला थांबवू शकलो असतो. ती थांबलीही असती. पण तेवढ्यात दुसरं मनात आलं. दोन महिने त्या गाडीत बायका बसल्याच होत्या की! पोरंबाळं घेऊन, ओटीत नारळ घेऊन. त्या कोणाच्या कोणी नव्हत्या काय? हात धुतला आणि तसाच त्याच्या घरी गेलो.

तो अंगणात गाडी पुसत होता. म्हटलं, "चाक काढ. टायर कापलंय आतून."

तो हसला. "व्हय काय? आणि देवचार?"

"देवचार नाही, मडगार्ड घासतंय. गाडी बसलेली आहे."

"माझ्या गाडयेक हात लावचो नाय," म्हणाला. "माका म्हायत आसा तुझ्या पोटात काय दुखता ता."

आता काय सांगणार? पाट्यांचं शास्त्र सांगून तो ऐकणार नव्हता. मग मी ज्याची लाज वाटत होती तेच सांगितलं, आमच्या बोलीत, मान खाली घालून. "माका पयल्या दिवसापासून म्हायत होतां. तुझ्यावर जळत होतंय, म्हणान सांगूक नाय. फुटलो तर फुटांदे, म्हणत होतंय."

त्याचं फडकं थांबलं. एवढं वाईट कोणी स्वतःबद्दल खोटं सांगत नाही, हे त्याला कळलं असावं. त्याने जॅक लावला. चाक काढलं, चरात अंगठा फिरवला. रबर संपून आतले धागे मोकळे झाले होते. मग आईचं नाव काढून म्हणाला, "माझी आवस बसता रे ह्या गाडयेत."

त्याने मला एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. त्याने फक्त पाना माझ्याकडे टाकला आणि म्हणाला, "कर आता."

तो उरलेला दिवस आणि दुसरा जवळजवळ सगळा, आम्ही दोघे त्या गाडीखाली होतो. आधी चाकांमागच्या चकत्या काढून फेकल्या, चाकं बोटभर आत गेली. मडगार्डाची आतली कड बाहेर वाकली होती, ती लाकडी ठोकळा लावून ठोकून आत वर दुमडली. पण खरं दुखणं पाट्यांचं. माझ्या गाडीसाठी मी चार जुने पाटे तेल लावून जपून ठेवले होते. ते काढून दिले. देताना जीव तुटत होता, खोटं कशाला बोलू? लोहाराकडे नेऊन त्याच्या जुडीच्या मापाने कापले, तापवून बाक दिला, आणि दोन-दोन भरले. गाडी चार बोटं वर उठली. शॉक-अॅब्सॉर्बरमध्ये तेलाचा थेंब नव्हता, ते भरलं. पुढच्या चाकांना दोरी लावून सरळ केलं. कापलेल्या टायरच्या जागी माझी स्टेपनी बसली, योगायोगाने मापाची निघाली.

तरी मोकळ्या रस्त्यावर वळताना ती थोडी लोळायचीच. तो गलबतावरच्या तांडेलाचा मुलगा, म्हणून त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं, "गलबत तोलायला नीरम खाली भरतात की डोलकाठीवर? मग ट्रंका टपावर कशाला?" त्याने ट्रंका मागच्या डिकीत आणि पायाशी ठेवायला सुरुवात केली. मग आम्ही वाडीतली सहा माणसं भरून वळणावर गेलो. गाडी खळगीतून अशी गेली की कोणाला कळलंही नाही. मग भानावर येऊन सहाच्या सहा माणसं म्हणाली, "थांब, थांब, आमका उतराचा आसा!" उतरली, मागे जाऊन विडी ठेवली आणि वळण चालत ओलांडून आली. मी पाट्यांकडे बोट दाखवत राहिलो, कोणी बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी माझी बायको त्या गाडीतून माहेरी गेली. चढताना तिला कोणाचा हात धरावा लागला नाही. मला माझ्या गाडीत चाकरमानी घेऊन मागून जायचं होतं. साऱ्या रस्ताभर ती निळी गाडी पुढे दिसत होती, वळणावर न लोळता, खड्ड्यात न आपटता. मी ती माझ्या हातांनी तशी केली होती. माझी मात्र होती तशीच राहिली, आणि त्या हंगामात उरलेली गिऱ्हाइकंही तिकडे गेली.

बायकोचे दिवस भरले, ती बाळंत झाली. माझा सोबती कणकवलीला भाडं सोडून येत होता तेव्हा मेव्हण्याने त्याला रस्त्यावर गाठलं. घरी नेलं, पडवीत बसवलं. ह्यानेच तर सुखरूप आणून सोडली, हा घरचाच, म्हणून सोयर-बियर न बघता सासूबाईंनी मूल आणून त्याच्या हातात दिलं. बंदरावर येऊन त्याने गाडी माझ्या गाडीला खेटून उभी केली. "चेडू झाला तुका," म्हणाला. "दोघांय बरी आसत."

मी बायकोचं विचारलं नाही. मुलगी कशी आहे तेही विचारलं नाही. माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर, "तुझ्या हातात रडला?"

"नाय रे," तो म्हणाला. "गप बघीत रवला माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. सासूबाईंनी तिला माझ्या हातात ठेवली आणि तिने असं भोकाड पसरलं की घरातली सगळी हसायला लागली. मीही हसलो, वरवर. आज ती साठी ओलांडून गेली आहे, तो माणूस जाऊनही बरीच वर्षं झाली. त्याचं बाकी सगळं मी कधीच सोडून दिलं. तिला त्याने माझ्याआधी घेतलं, आणि ती रडली नाही, एवढं मात्र अजून सोडवत नाही.