शिंपीणबाई आणि थेंबमोजी वहिनी

पत्त्यांतला ब्रिज खेळताना शिंपीणबाईंची बोली, म्हणजे किती हात जिंकू याचा दावा, नेहमी आभाळाला टेकायची. त्यांची भिडू म्हणजे सख्खी वहिनी, औषधाच्या दुकानात थेंब मोजण्यात जन्म गेलेली. "अंथरूण पाहून पाय पसर," ती दर शनिवारी बजावायची. "कमी पडलं तर जोड लावीन," म्हणत नणंद बोली चढवायची आणि बहुतेकदा तोंडावर आपटायची. मग वहिनीची धुसफूस आठवडाभर पुरायची.

काल मात्र शिंपीणबाईंनी वहिनीचं ऐकायचं ठरवलं. पानं झकास आली होती, तरी त्या दहा हातांच्या बोलीवर थांबल्या. बोली जिंकणाऱ्याच्या भिडूनं करायचं तसं वहिनीनं आपली पानं टेबलावर उघडी मांडली. आता डाव संपेपर्यंत तिला बोलायची सोय नव्हती. दहा हात झाले, अकरा झाले, बघता बघता तेराच्या तेरा झाले.

शेवटचं पान पडताच वहिनी कडाडली, "तेराची बोली का नाही केलीस? केवढे जादा गुण बुडाले!"

"तुम्हीच म्हणता ना, बेतानं बोल."

"तीस वर्षं म्हणतेय. आजच ऐकायचं सुचलं होय?"

शिंपीणबाई पोट धरून हसल्या. पुन्हा पानं वाटली, आणि वहिनीनंच थेट बारा हातांची बोली ठोकली.

"वहिनी, अंथरूण?"

"तू जोड लाव."