ब्रह्मदेशी माणिक

खड्यांच्या अंगठ्यांची मी जन्मभर टिंगल केली. वाडीत नारळ पाडायला आलेल्याच्या बोटात पोवळं दिसलं की म्हणायचो, "दगडानं नशीब फिरलं असतं तर आमचा वरवंटा राजा झाला असता!" आज माझ्याच बोटात माणिक आहे. हसा खुशाल.

मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी बँकॉकला गेला तेव्हा आम्ही अख्ख्या आळीत पेढे वाटले. तिथल्या विमानतळावरून दलालांनी त्याला गाडीत घातलं आणि थेट सरहद्दीच्या नदीपलीकडे म्यानमारमध्ये नेलं. तिथे कुंपणाच्या आत, बंदूकवाल्यांच्या पहाऱ्यात, दिवसभर फोनवरून परक्या लोकांना फसवायचं काम. नाही म्हटलं तर मार. रविवारी सकाळी पाच मिनिटं घरी बोलू देतात, एवढीच काय ती मेहरबानी.

मी मुंबईत अर्ज दिले, दिल्लीला पाठवले. जाईन तिथे एकच उत्तर, "काम चालू आहे, काका." कसलं डोंबलाचं काम! बायकोनं पालीच्या गणपतीला नवस केला, मग पत्रिका घेऊन गुरुजींकडे गेली. ते म्हणाले, "मुलाचा रवी दुबळा आहे. माणिक हवं. तो तिथे अडकलाय, तर त्याच्या नावानं बापानं घालावं." एरवी मी गुरुजींना फैलावर घेतलं असतं. त्या दिवशी मुकाट चपला घातल्या आणि अलिबागची एसटी पकडली. अडला हरी, दुसरं काय.

सोनाराच्या दुकानात बसलो आणि मुलाचीच आठवण झाली. त्याच्या बहिणीच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायला आम्ही याच दुकानात आलो होतो. सगळे आनंदात, आणि हा विचारतो, "हिरा कुठल्या खाणीतला? कागद दाखवा." सोनार चिडला, मी त्याच्याहून चिडलो. "नसती उठाठेव! लग्न तुझं आहे का?" तर हा शांतपणे म्हणाला, "बाबा, काही खाणींवर बंदुका घेऊन माणसं बसलेली असतात. पोरांना राबवतात, गावं जाळतात आणि त्याच हिऱ्यांतून पुढची काडतुसं घेतात. कुणाचा तळतळाट ताईच्या बोटात कशाला?" शेवटी कागद असलेला हिरा दुसरीकडून आणला. महिनाभर मी त्याला 'उंटावरचा शहाणा' म्हणून हाक मारत होतो.

म्हणून मीही विचारलं, "माणिक कुठलं?"

सोनार खुलला. "अस्सल ब्रह्मदेशी! याच्या तोडीचं दुसरं नाही."

ब्रह्मदेश म्हणजे म्यानमारच की. "दुसरीकडचं नाही का? कागद असलेलं?"

"मागवावं लागेल. तीनेक आठवडे धरा."

तीन आठवडे. मागच्या रविवारी त्याचा आवाज फुटत नव्हता, दात पडलाय म्हणाला. तेही उसनं हसत. मी म्हटलं, "हेच द्या. आजच अंगठीत बसवा."

घरी आलो. बायकोनं डबी उघडली आणि तिनंही तेच विचारलं. घरात सगळ्यांना त्यानंच ती सवय लावली होती. मी म्हटलं, "श्रीलंकेचं." सदतीस वर्षांच्या संसारात तिच्याशी इतकं सरळ तोंडानं कधी खोटं बोललो नव्हतो.

रविवारी उजाडताना तिनं अंगठी कच्च्या दुधात बुडवली, पुसली, माझ्या बोटात घातली आणि सूर्याला हात जोडले. मीही जोडले. कधी नव्हे ते डोळे मिटून, मनापासून जोडले.

नऊ वाजता फोन आला. बायकोनं स्पीकर लावला आणि रडतच सांगितलं, "तुझ्यासाठी बाबांनी माणिक घातलंय रे!"

तो हसला. खरंच हसला. "बाबांनी? काय सांगतेस!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "कुठलं आहे, बाबा?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "श्रीलंकेचं."

"बरं केलंत. इथलं घेऊ नका हां. आमच्या दारावर ज्यांच्या बंदुका आहेत ना, खाणीही त्यांच्याच आहेत."

मागून कुणीतरी खेकसलं आणि फोन बंद झाला.

बायको म्हणाली, "पाहिलंत? हसला तो. किती दिवसांनी हसला. लागू पडलं हो माणिक!" मी मान हलवली आणि मागच्या वाडीत जाऊन पोफळीला टेकून उभा राहिलो. अंगठी काढायला गेलो. पेरापर्यंत आणली आणि हात थांबला. आत्ता काढली आणि तिकडे त्याला काही झालं तर?

परत सारून घट्ट बसवली.

त्यानंतर सहा रविवार गेले. फोन आलेला नाही. अंगठी बोटातच आहे.