चार खाचांचं चहाचं टेबल

चहा घ्या आधी. आणि ग्लास हातातच धरा, खाली ठेवायला आमच्याकडे आता टेबल नाही. का नाही, हे सांगायला बसलो तर माझीच लाज निघते. पण तुम्ही कुठे बाहेरचे आहात? ऐका.

मला एक व्यसन आहे. तंबाखू नाही, पत्ते नाहीत. जुन्याचं नवं करण्याचं! कोणी मोडकं स्टूल घराबाहेर काढलं की माझे हात शिवशिवायला लागतात. आर्वीत आम्ही काकूंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. तिथलं अर्धं सामान मी घडवलेलं. जुन्या कूलरच्या पत्र्याचा चपलांचा रॅक, शिलाई मशीनच्या लोखंडी पायावर टीव्ही, विरलेल्या साड्यांची खोळ घातलेली खाली बसायची बैठक. सगळं फुकट किंवा फुकटासारखं.

बायको म्हणते, "हे सुट्टीवर असले की मी घरात हालतच राह्यते. एका जागी थांबली तर मलेही रंग मारून देतील."

तर मागच्या पोळ्याची गोष्ट. बैठकीपुढे एक बुटकं टेबल हवं होतं. म्हणून मी गजाननभाऊ सुताराच्या दुकानात गेलो. आता पोळ्याच्या आधी आमच्याकडच्या सुताराला मान वर करायला फुरसत नसते, हे मला कळायला हवं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लेकरं लाकडाचे नंदी सजवून गावभर ओढत नेतात. त्यामुळे साऱ्या आर्वीचे नंदी तिथे दुरुस्तीला आलेले. कोणाचं शिंग गेलेलं, कोणाची शेपटी. एक गुडघाभर उंचीचा काळा नंदी तर बिचारा पाय वर करून आडवा पडला होता. मी त्याला ओलांडून आत गेलो.

ओलांडून गेलो, हे लक्षात ठेवा.

"गजाननभाऊ, काही फालतू लाकूड आहे का?"

"त्या कोपऱ्यातलं न्या जी सर, काय पाहिजे ते," तो मान खाली घालूनच रंधा मारत म्हणाला.

कोपऱ्यात तुकड्यांचा ढीग होता. आणि ढिगाच्या बाजूला भिंतीला टेकवलेली एक फळी. फळी कसली, अस्सल सागवान! खाली चार लाकडी चाकं. वरच्या अंगाला चार गोल खाचा, पुढे दोन, मागे दोन. आणि एका टोकाला लोखंडी कडी.

आता सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? तुम्हाला जे वाटलं असतं तेच मला वाटलं नाही, तिथेच घोळ झाला.

मला वाटलं, ही चहाची गाडी! चार खाचा चार ग्लासांसाठी. कडी हात पुसायचा नॅपकिन अडकवायला. इंग्रजांच्या काळात एखाद्या साहेबाच्या बंगल्यावर खानसामा ही ढकलत आणत असणार. घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यातल्या त्या साहेबाला मिशा फुटल्या होत्या.

वैशालीनं, म्हणजे बायकोनं, फळीवरून हात फिरवला. "हे कोणाचं तरी असन."

"अगं, कचऱ्यातलं आहे."

"कचऱ्याले कोणी दरवर्षी तेल पाजते का?"

तेलकट होती खरी. अख्खा रविवार घासून मी ते तेल काढलं. मग पिस्ता रंग दिला. जुन्या लग्नपत्रिकांवरचे गुलाब कापून चिकटवले, वरून वार्निश. खाचांमध्ये चहाचे ग्लास ठेवले तर काय सांगू, हलायला तयार नाहीत! कडीत नॅपकिन अडकवला आणि येईल त्याला साहेबाची गोष्ट ऐकवायला लागलो.

पोळ्याच्या दिवशी सकाळी काकू जिना चढून आल्या. आमच्या घरमालकीण काकूंचा आवाज एरवी बसस्टँडपर्यंत जातो. त्या दिवशी आवाजच नव्हता. बैठकीवर बसल्या आणि पदर डोळ्याला लावला.

"काय झालं काकू?"

"सर, आमच्या नंदीचा गाडा गेला जी."

काकूंच्या सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं नंदी केला होता. घरातल्या प्रत्येक लेकराचा पहिला तान्हा पोळा त्याच नंदीनं व्हायचा. त्या वर्षी मनूचा, त्यांच्या नातीचा होता. ती नुकतीच चालायला लागलेली, आईबरोबर हिंगणघाटहून त्याच संध्याकाळी येणार होती. नंदीचा पाय ढिला झाला म्हणून काकूंनी तो गजाननभाऊकडे दिला. त्यानं नंदी गाड्यावरून उतरवून ठेवला. आता नंदी जाग्यावर, गाडा गायब.

"पोरगी एवढ्या दुरून येऊन राह्यली. आता काय नंदीले कडेवर घेऊन फिरवू?" असं म्हणत काकूंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. कुठे? पुढच्या उजव्या खाचेत.

"केवढा होता गाडा?" मी विचारलं.

"हा एवढा," काकूंनी टेबलाकडेच हात केला. "बराबर एवढाच."

"अरेरे!" मी म्हणालो.

वैशालीनं टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, तिलाही वाईट वाटतंय. मला तर फारच वाटत होतं. वैशाली माहेरी गेली की माझं दोन वेळचं ताट काकूंकडून येतं. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी? मी ताडकन उठलो. काकूंना घेऊन थेट सुताराचं दुकान गाठलं.

"लोक विश्वासानं वस्तू ठेवतात तुमच्याकडे! लक्ष कुठे असतं तुमचं?" मी गजाननभाऊला चारचौघांत असं झापलं की रस्त्यावरची माणसं थांबली.

"सर, इथंच भिंतीले टेकून ठेवलता जी," तो रडवेला झाला. "ह्या कोपऱ्यात."

मी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. आणि काय म्हणालो माहीत आहे?

"असं कोपऱ्यात ठेवलं तर कोणीही उचलून नेईल ना!"

नवा गाडा करायला ना वेळ होता, ना वाळलेलं लाकूड. तेव्हा माझ्यातला दानशूर जागा झाला. "काकू, माझं टेबल घ्या. चाकं आहेतच, वर नंदी बसवून टाकू."

"तुमचं ते साहेबाचं टेबल? नाई जी सर, त्याले छिद्रं पाडा लागतील."

"मनूपेक्षा टेबल मोठं आहे का?" मी म्हणालो. माझं औदार्य पाहून मीच भारावून गेलो.

काकूंच्या अंगणात शेजारपाजार जमला. मी टेबल आणून मधोमध ठेवलं. गजाननभाऊ एका हातात ड्रिल आणि दुसऱ्या बगलेत काकूंचा नंदी घेऊन आला. छिद्रं कुठे पाडायची ते पाहावं म्हणून त्यानं नंदी अलगद टेबलावर टेकवला.

खट्!

चार पाय चार खाचांत. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

मी टाळी वाजवली! "पाहिलं? याला म्हणतात योग! साहेबाच्या ग्लासांचं आणि आपल्या नंदीच्या पायांचं माप एकच!"

गजाननभाऊनं ड्रिल खाली ठेवलं. काकू हळूच वाकल्या, कडीतला नॅपकिन काढला आणि तिथे ओढायची दोरी ओवली.

"वा! कडीही कामी आली!" मी म्हणालो.

"अहो," वैशाली कानाशी म्हणाली, "आता तरी थांबा."

थांबलो. आणि थांबल्यावर तो पाय वर करून पडलेला काळा नंदी माझ्या डोळ्यांपुढे आला. माझ्या कानांतून वाफ निघायला लागली. गजाननभाऊपुढे हात जोडले. काकू आता खोली सोडा म्हणणार, याची मला खात्री होती.

"सर," काकू म्हणाल्या, "अन् तुमी त्या गजाननले केवढं बोलले जी!" एवढं बोलून त्या जे हसत सुटल्या, ते हसता हसता ओट्यावरच बसल्या.

"काकू, आत्ताच्या आत्ता रंग खरवडून देतो."

"राहू द्या. मनूले गुलाब आवडतीन."

दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात काळ्या नंदीखाली पिस्ता रंगाचा गुलाबांचा गाडा निघाला. मनू दोरी धरून डुलत डुलत पुढे, मागून आजी. लेकरांच्या हातावर घरोघरी बोजारा ठेवायचा असतो, खाऊ म्हणा, ओवाळणी म्हणा. काकूंनी नंदी आधी आमच्या जिन्यापाशी आणला आणि बसस्टँडपर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "पह्यला बोजारा सरांचाच! आमचा गाडा पाहुणा होता ना त्यायच्या घरी!" मी खाली जाऊन मनूच्या हातावर पेढा ठेवला. वर पाहायची हिंमत झाली नाही, सगळ्या गच्च्या भरलेल्या होत्या.

यंदा पोळ्याच्या आधी मी पुन्हा गजाननभाऊच्या दुकानावरून जात होतो. नंदी ओळीनं मांडलेले. पण सगळ्यांच्या चाकांतून एक जाड साखळी ओवलेली आणि तिला हे एवढं कुलूप!

"काऊन भाऊ?" मी काळजीनं विचारलं. "चोऱ्या वाढल्या का?"

"नाई जी सर," गजाननभाऊ रंधा न थांबवता म्हणाला, "सकाळपासून मोकळेच होते. तुमी येताना दिसले म्हणून लावलं."