भांबुर्डा पेटवणारी पाहुणी

सेवा करायला म्हणून सातासमुद्रापलीकडून आलेल्या त्या मुलीला आमच्या गावाने काडीचंही काम करू दिलं नाही.

निडी स्टेशनापासून आत, भातशेतीच्या गावात आमच्या मिशनचं दोन खोल्यांचं घर आहे. तिथे मी बालवाडी आणि शिवणवर्ग सांभाळायचे. मी नगरकडची, घर ख्रिस्ती. चार दिवस बघू म्हणून आले आणि कित्येक वर्षं राहिले. ही मुलगी पावसाळा सरताना माझ्या मदतीला आली. उंच, गोरी, उन्हात टोमॅटोसारखी लाल होणारी. मराठी मोडकंतोडकं, पण "मी काय करू?" हे वाक्य मात्र खणखणीत.

करणार काय? हंडा उचलला की बायका हातातून काढून घेत. झाडू धरला की झाडू गायब. भातकापणीला गेली, तर तिला बांधावर सावलीत बसवून चहा-बिस्किटं दिली. सकाळची प्रार्थना झाली की पोरगी कंबर कसून बाहेर पडायची आणि दुपारी पोट भरून परत यायची. "आज किती घरांनी तुझी सेवा केली?" असं मी चिडवायचे. आधी ती हसायची. पुढे हसेनाशी झाली.

नाताळ उलटला आणि एका सकाळी ती रडायलाच लागली. म्हणाली, मी इथे नुसती पाहुणी आहे, माझा कुणाला उपयोग नाही, महिनाअखेर घरी जाते. "तुझी मर्जी," असं मी तोऱ्यात म्हणाले खरी, पण मला वाईट वाटलं. तिची सवय झाली होती मला.

त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंकडे पोपटी होती. वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे पोपटी लागतेच. मडक्यात भांबुर्ड्याचा, म्हणजे बांधावर उगवणाऱ्या एका वासाच्या रानझुडपाचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, अंडी, बटाटे, पुन्हा वरून पाला. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही. सगळी चव त्या पाल्याच्या वासाची. काकूंनी त्या संध्याकाळसाठी व्याह्यांना बोलावलं होतं, आणि भांबुर्डा घरामागच्या बांधावर राखून ठेवला होता.

दुपारी मी शिवणवर्गात होते. अचानक पोपटीचा घमघमाट सुटला. बायका म्हणाल्या, "आं? कुणी लावली गो इतक्या लवकर?" आम्ही बाहेर आलो. काकूंच्या घरामागे धूर! धावत गेलो तर बांध चकचकीत साफ, आणि आमची पाहुणी काखेत कोयता मारून, तोंडभर हसत, पेटलेल्या ढिगाशेजारी उभी. रान माजलंय असं वाटून तिने एका दमात सगळं 'गवत' कापून जाळलं होतं. कोणी अडवायच्या आत, बिचारीने.

काकू आल्या. त्यांनी बांध पाहिला, ढीग पाहिला. मग त्या सुटल्या.

"अगो ए! येवढी घोडी झालीस, डोळं हायेत का नाय? आता पोपटीत काय तुझं केस घालू? जा! रेल्वे लायनीच्या कडेला असंल भांबुर्डा, आण जा! नाय आणलास तर उपाशी निजशील!"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी शब्दन् शब्द सांगितला, घोडीसकट. ती जी धूम पळाली! परतली तेव्हा हात ओरबाडलेले आणि कवेत हा भारा. त्यातला निम्मा पाला भलताच निघाला. काकूंनी तिला पुन्हा झाडलं, एकेक डहाळी तिच्या नाकाशी धरून हुंगायला लावली आणि मडकंही तिच्याकडूनच भरून घेतलं. "दाबून भर. अजून दाब. जेवत नायस काय?"

संध्याकाळी व्याही आले. मडकं उघडलं, वाफ निघाली. शेंगा पुढ्यात आल्यावर मुलीने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, आणि त्या दिवशी आभार मानायला तिच्याकडे बरंच असावं. सगळे थांबले. शेवटी काकू म्हणाल्या, "आटप गो, देव काय पळून जात नाय. शेंगा गार व्हतात."

जेवण होताच फर्मान सुटलं: उद्या वाल तोडायला ये, आणि उशीर केलास तर बघ. परत जायचं नाव तिने त्यानंतर काढलं नाही. खरकटी पानं उचलायलाही काकूंनी तिलाच पिटाळलं. मीही उठले आणि माझं पान उचलायला वाकले.

"अहो मॅडम, तुम्ही कशाला? राहू द्या, राहू द्या," काकू अदबीने म्हणाल्या.

पान तिथेच सोडून मी बाजूला झाले. इतक्या वर्षांत या गावात मला एकदाही कुणी ओरडलं नव्हतं, आणि त्या गोऱ्या पोरीचा मला असा हेवा वाटला, की विचारू नका.