पप्पांच्या स्क्रीनची उजवी बाजू

वाकडच्या ज्या कंपनीत मी नोकरी करते, तिथे माझं काम म्हणजे एकच ॲप वेगवेगळ्या फोनवर उघडून बघणं. लहान स्क्रीन, लांबट स्क्रीन, घडीची स्क्रीन. एका फोनवर व्यवस्थित दिसणारं बटण दुसऱ्यावर खाली गायब होतं, कुठे नाव मध्येच कापलं जातं, कुठे दोन ओळी एकमेकींवर चढतात. ते शोधायचं, त्याचा फोटो काढायचा आणि ॲप बनवणाऱ्यांना पाठवायचा. काही दिवस घरून काम करायची मुभा असे. तेव्हा मी टेस्टिंगचे फोन पिशवीत घालून आकुर्डीला घरी आणायची.

पप्पा तेव्हा दुचाकीच्या कारखान्यातून नुकतेच रिटायर झाले होते. अख्खी नोकरी पेंट शॉपमध्ये गेली, पेट्रोलच्या टाक्यांवरचा रंग तपासण्यात. घरी बसणं त्यांना जमत नव्हतं. मी टेबलावर फोन मांडले की खुर्ची ओढून बसायचे.

"दे इकडं एक. हे बघ, 'पुढे जा' अर्धंच दिसतंय. रिजेक्ट!"

चूक सापडली की दिवसभर खूष. आई ओट्याजवळून म्हणायची, "तुमची शिफ्ट सुटली की सांगा, ताटं घ्यायचीत."

एका सकाळी दाढी करता करता ते बेसिनपाशीच खाली बसले. मेंदूत गुठळी झाली होती. दवाखान्यातून घरी आले तेव्हा बोलणं शाबूत होतं, डावा हात आणि पाय जरा ओढल्यासारखा, एवढंच. आम्हाला वाटलं, थोडक्यात निभावलं.

मग बारीकसारीक गोष्टी व्हायला लागल्या. चालताना त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला धडकायचा. ताटातलं अर्धं जेवण तसंच राहायचं. एकदा त्यांनी आईला विचारलं, "आज भाजी केली नाहीस?"

"समोर वाढलीय की! लक्ष कुठंय तुमचं?" आई म्हणाली. तिला वाटलं, तोंडाची चव गेली म्हणून हे काहीतरी निमित्त काढतात. मलाही तसंच वाटलं.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी पुन्हा टेबलावर फोन मांडायला लागले. तेव्हा प्रवासाचं एक ॲप आमच्याकडे होतं. पप्पांनी एक फोन उचलला आणि लगेच म्हणाले, "नाव कापलंय. नुसतं 'वड' दिसतंय."

मी वाकून पाहिलं. 'चिंचवड' पूर्ण दिसत होतं.

"नीट बघा ना पप्पा."

"नीटच बघतोय. 'वड'. रिजेक्ट कर."

मला वाटलं, त्या फोनचं काहीतरी असेल. मी त्याहून मोठा फोन दिला. 'वड'. घडीचा फोन पूर्ण उघडून दिला, त्यावर तर ते नाव हाताएवढं दिसत होतं. तरी 'वड'च. मग मी बोट 'चिं'वर ठेवलं आणि विचारलं, "इथे काय आहे?" ते माझं बोटच शोधत राहिले. हसले. "कुठं गं?"

आई ओट्याजवळून बघत होती. तिने गॅस बंद केला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळे चांगले होते, पण मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाल्यामुळे डावीकडचं जग त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं. "तिथे अंधार दिसतो असं नाही," डॉक्टर म्हणाले. "तिथे काही आहे, हेच त्यांना ठाऊक नाही. त्यांच्या हिशोबाने सगळं दिसतंय." पप्पा शेजारीच बसले होते. म्हणाले, "तेच तर सांगतोय डॉक्टर. मला सगळं दिसतंय."

त्या रात्रीपासून आईने पलंगावरची आपली बाजू बदलली. लग्न झाल्यापासून ती त्यांच्या डावीकडे झोपत आली होती. उशी उचलून ती उजवीकडे गेली.

पप्पांना आता फोनही लावता येईना. निघोजे गावचे एक काका कारखान्यात त्यांच्याबरोबर होते. दोघांचं रोज बोलणं व्हायचं, ते बंद पडलं. मी आमच्या टीममधल्या एका मुलाला म्हणाले, मला माझ्या वडलांसाठी एक साधी स्क्रीन करून दे. तीन फोटो, दाबला की फोन लागला पाहिजे. आणि सगळं उजव्या कडेला. डावी बाजू मोकळी सोड.

"विचित्र दिसेल गं ते," तो म्हणाला. मी कारण सांगितलं. त्याने त्याच संध्याकाळी करून दिलं.

पप्पांनी काकांचा फोटो पाहिला आणि पटकन दाबला. पलीकडून आवाज आला, "व्हय, बोल की राव! हायेस कुठं तू?" पप्पा इतके मोठ्याने हसले की आईला भरून आलं.

काका पुढच्याच रविवारी भेटायला आले. दारातून आत येऊन सवयीने पप्पांच्या डावीकडच्या खुर्चीत बसले.

"काय मर्दा, कसा हायेस?"

पप्पांनी आवाज ओळखला. चेहरा फुलला. ते उजवीकडे वळून बघायला लागले. भिंत, टीव्ही, खिडकी. "अरे, कुठंयस?"

"आरं, मी हाय की इथं. तुज्या बगलंला."

पप्पा आणखी उजवीकडे वळले. काकांच्या हातात केळ्यांची पिशवी होती, ती तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून त्यांची खुर्ची दुसऱ्या बाजूला नेली, आणि ते समोर दिसताच पप्पा म्हणाले, "आत्ता आलास होय! किती वेळ वाट बघतोय." काकांनी मान हलवली. "व्हय, उशीरच झाला जरा," म्हणाले आणि रुमालाने तोंड पुसत राहिले.

पुढचे काही महिने पप्पांनी त्या स्क्रीनवरून रोज काकांना फोन लावला. पावसाळा सरताना मेंदूत पुन्हा गुठळी झाली, ती मोठी होती. दवाखान्यात आई त्यांच्या उजव्या हाताशी बसून राहिली. ते डोळे उघडून कुणाकडेच बघत नव्हते. दोन दिवसांनी पहाटे गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी पप्पांना आदरांजली वाहायला आलेल्या माणसांनी घर भरलं होतं. काका मागे दाराशी उभे होते. कुणीतरी चार शब्द बोलायला सांगितलं, तर हात जोडून नाही म्हणाले.

मी कामावर परत गेले. ज्यावर पप्पांनी 'वड' वाचलं होतं ते ॲप तोवर लोकांच्या फोनवर पोहोचलंही होतं. सगळ्या स्क्रीनवर ठीक चालतंय, असं मेल आलं होतं. मी ते मेल उघडून पुन्हा बंद केलं.

एका रविवारी आईचा फोन वाजला. काका होते. आई त्यांच्याशी कधी चहापाण्यापलीकडे बोलली नव्हती. "वहिनी, जेवला का?" एवढं मला ऐकू आलं. मग ती फोन घेऊन गॅलरीत गेली आणि बराच वेळ उभी राहिली. आत आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले?

"ह्यांना कंपनीत कुठल्या नावाने हाक मारायचे, ते सांगितलं. इतक्या वर्षांत हे मला कधी बोलले नाहीत बघ."

"कुठल्या नावाने?"

ती सांगेना. पदर तोंडाला लावून हसली, हसता हसता खाली बसली, आणि मग तिला रडू आवरेना.